मौनीबाबांचा होकार रांगेत अडकला

मेल सर्व्हर म्हणजे माझ्या हातचा मळ! "जुन्या मशीनवर तुंबलेले सगळे मेल चहा गार व्हायच्या आत नव्या मशीनवर नेतो," असं मी साहेबांना छाती ठोकून सांगितलं. चहा मागवलासुद्धा!

तेवढ्यात आमचे गोदामप्रमुख आले. दिवसभरात दोन शब्द बोलले तरी थकतात, म्हणून सगळे त्यांना मौनीबाबा म्हणतात.

"माझा एक मेल अडकलाय," ते म्हणाले. "तिने लग्नाचं विचारलंय. मी हो लिहिलंय. आज संध्याकाळपर्यंत उत्तर गेलं नाही, तर ती नकार समजणार."

"अहो, मग फोन करा ना!"

"फोनवर बोलावं लागतं."

कंपनीच्या खुर्च्यांच्या ऑर्डरी रखडल्या तर एकवेळ चालेल, पण माणसाचं लग्न? जुन्या मशीनची डिस्क गच्च भरली होती, म्हणून ते बंद पडलं होतं. मी त्यातला कचरा काढला, अडकलेल्या मेलची एक प्रत नव्या मशीनवर उतरवली. ढिम्म हलेनात! म्हणून आणखी एक प्रत उतरवली. तरी तेच! शेवटी ट्यूब पेटली. नव्या मशीनला त्या फायली उघडायची परवानगीच नव्हती. ती दिली मात्र, मेल धडाधड सुटले.

"गेला बघा तुमचा होकार!"

मौनीबाबा चक्क हसले.

मग एक फोन वाजला. मग दुसरा. मग साहेबच धावत आले. "अरे, गिऱ्हाइकं विचारतायत, एकच ऑर्डर तीन-तीनदा का पक्की करताय?"

मी कपाळावर हात मारला. कचरा काढल्याबरोबर जुनं मशीनही जागं झालं होतं आणि ते बंद करायचं मी साफ विसरलो होतो! जुन्यावरून एकदा, नव्यावरून दोनदा!

"म्हणजे माझं हो..." मौनीबाबांचा चेहरा पडला.

"तीनदा गेलं," मी पुटपुटलो.

"संपलं! ती म्हणेल, काय उतावळा माणूस आहे!" ते मटकन खाली बसले. मला इतकी लाज वाटली, की चहाकडे बघवेना.

आणि उत्तर आलं! मौनीबाबांनी ते मलाच वाचायला लावलं. "एरवी तुमच्या तोंडून एक शब्द फुटत नाही आणि आता तीनदा हो? मला फार आवडलं! कधी भेटायचं?"

मौनीबाबांचे डोळे भरून आले. माझेही, खोटं कशाला बोलू! मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "लिहा बिनधास्त. सर्व्हर आता ठणठणीत आहे."

"नको, नको!" ते हेल्मेट उचलून दाराकडे पळाले. "मी जाऊन बोलतो!"