रंग की कोंब

माझा माड कासमचाचाच्या घरावर कलला तेव्हा तो भांडायला आला, आणि पहिली पंधरा मिनिटं माझ्याच बाजूने बोलला.

"माड तुज्या आज्यान लावलेलो," ओट्यावर ऐसपैस बसून त्याने सुरुवात केली. "वाऱ्यान कललो, ह्येच्यात तुजो काय गुनो नाय. नारळ बरे धरतत. तोडलंस तर तुज्या आवशीक वायट वाटतला. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

"आता माजां ऐक. माजी कौलां फुटतत."

पण तोवर मला माझी बाजू इतकी पटली होती की मी त्याचं काहीच ऐकलं नाही. माड अजून उभा आहे. चाचाने कौलं काढून पत्रे घातले. आता नारळ पडला की आवाज मोठा होतो, एवढाच काय तो फरक.

कासमचाचा म्हणजे आमच्या देवबागचा होड्यांवर नावं रंगवणारा पेंटर. सत्तरी ओलांडली आहे, अंगावर मांस नाही, आणि डाव्या कानाच्या पाळीला कुठला ना कुठला रंग लागलेला असतोच. खाडीपासून दर्यापर्यंत जितक्या होड्या आहेत, त्यांवरचे भगवती, पीरबाबा आणि सांत आंतोन हे सगळे एकाच हाताचे. पण माणूस प्रसिद्ध आहे तो त्याच्या भांडणाच्या पद्धतीमुळे. समोरच्याची बाजू आधी स्वतः सांगायची, त्याच्याकडून "बरोबर" वदवून घ्यायचं आणि मगच आपलं तोंड उघडायचं. या पद्धतीने चाचा आजवर एकही भांडण जिंकलेला नाही.

ही पद्धत त्याने आणली कुठून, तर थेट कुराणातून. किताबवाल्यांशी, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती लोकांशी, वाद घालायचा तर उत्तम रीतीनेच घाला, असं तिथे सांगितलंय म्हणे. "उत्तम म्हंजे काय?" चाचा विचारतो आणि आपणच उत्तर देतो, "त्येची बाजू त्येच्यापेक्षा बरी सांगूची." किताबवाल्यांसाठीचा नियम तो माडवाल्यांना का लावतो, हे मी एकदा विचारलं. म्हणाला, सवय लागली.

ही सवय लावणारा किताबवाला म्हणजे इनास. चाचाच्याच वयाचा, पण आकाराने दुप्पट. होड्या बांधणारा सुतार. इनासने होडी बांधायची आणि कासमने रंगवायची, असं चाळीस वर्षं चाललं. आणि दर रविवारी इनास चर्चमधून मिसा आटोपून परतला की त्याच्या ओट्यावर दोघांचा वाद. विषय एकच, ख्रिस्ती धर्माची शिकवण आली कुठून. दोघं मला पंच म्हणून बसवत. पंचाचं काम घरून चहा आणायचं.

"हजरत ईसा आमचोय पैगंबर," चाचा सांगायचा. "मरियमच्या नावाचो अख्खो सुरा, म्हंजे अध्याय, आसा कुराणात. बापाशिवाय जल्मलो, आंधळ्याक डोळे दिल्यान, सगळां मान्य. पण 'माका देव म्हणा' असां तो कधी म्हणाक नाय. 'माज्या आणि तुमच्या रबाची बंदगी करा,' इतक्याच म्हणालो. बाकीचां मागसून चढलां. आधी सांत पावलान रंगाचो एक हात मारल्यान. तीनशे वर्सांनी बादशहान धर्मगुरूंची सभा भरयल्यान, तिनां दुसरो हात मारल्यान. बाप, पुत्र, पवित्र आत्मा, ह्यो सगळो वरचो रंग. होडी मूळची फणसाची. खरवड, दिसतली."

रंगाऱ्याला धर्मातही रंगच दिसणार. पण इनासही काही कमी नव्हता.

"रंग भायरसून लावतत, कासम. ह्यो कोंब. नारळ फोडलंस तर आत कोंब दिसता? नाय ना? म्हणान काय तो कोणी मागसून चिकटवलो? जे त्येच्या वांगडा एका पंगतीक जेवले त्येंनी पयल्यापासून त्येका प्रभू म्हटलां. सभेन त्येका फकत शब्द दिले."

रंग की कोंब, चाळीस वर्षं. दोघांचं काय जात होतं कोण जाणे, माझी मात्र साखर संपली. इनास चाचाला एकदाही "तुजां बरोबर" म्हणाला नाही. म्हणायचा तो "माजी बाजू बरोबर सांगलंस" एवढंच, आणि त्यावरही चाचा आठवडाभर खूश असायचा. एकदा नवा तरुण पाद्री ओट्यावर येऊन बसला. चाचाने मांडलेली इनासची बाजू ऐकून तो म्हणाला, "तुम्ही रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायला याल का?" चाचा म्हणाला, "येतंय, पण अर्ध्या तासान माजी बाजू सुरू होतली." पाद्र्याने विषय बदलला.

गेल्या नारळी पौर्णिमेनंतर इनासला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टरांनी रोजाबायला, म्हणजे इनासच्या बायकोला, सांगितलं की बोलायला लावा, जितकं लावाल तितकं बरं. ती "पाणी म्हणा, भात म्हणा" करून थकली. इनास हसायचा आणि मान हलवायचा.

कासमचाचा दुसऱ्याच दिवशी खुर्ची घेऊन हजर झाला. दुपारची नमाज आटोपून रोज चार वाजता यायचं, इनासची बाजू सांगायची आणि विचारायचं, "बरोबर?" इनास मान डोलवायचा.

"मान डोलवलेली चालाची नाय. मान माज्या बोकडाचीय डोलता. तोंडान सांग, नायतर माका माजी बाजू सुरू करूक येणा नाय."

इनासच्या डोळ्यांत पाणी यायचं. चाचा खुर्ची उचलून घरी जायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत. मधल्या काळात तो पाद्र्याकडेही जाऊन आला, इनासच्या बाजूला आणखी काही मुद्दे मिळतात का बघायला. देवबागात त्या पाच महिन्यांत ख्रिस्ती धर्माची जी काही तयारी झाली, ती पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाने केली.

शेवटी रोजाबाय वैतागली. "तेका सांग रे बाबल," ती मला म्हणाली, "दुकणायताक छळू नको म्हणान." मी सांगायला गेलो.

"रोजाबाय म्हणता," चाचा मला मध्येच थांबवत म्हणाला, "माणूस आजारी आसा, त्येका रोज रडवणां बरां नाय. बरोबर?"

"बरोबर."

मी त्याची बाजू ऐकायला सरसावून बसलो. पण चाचा उठला आणि आत गेला. इतक्या वर्षांत त्याने स्वतःची बाजू न सांगता उठण्याची ती पहिली वेळ होती, आणि ती मला मुळीच आवडली नाही. चार वाजता मात्र तो खुर्ची घेऊन निघालाच.

जानेवारीत एका दुपारी मी इनासची शिडी परत द्यायला गेलो होतो. चाचा नेहमीच्या जागी बसला होता. त्या दिवशी त्याने घसा साफ केला, आढ्याकडे बघितलं आणि म्हणाला,

"तर इनासचां म्हणणां असां. बाप, पुत्र, पवित्र आत्मा, ह्यो रंगच. पण लाकूड कुजूचां नाय म्हणान लावलेलो, चांगल्या मनान. बरोबर?"

इनासची मान सवयीने डोलायला निघाली आणि मध्येच थांबली. चेहरा लाल झाला. डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या हातावर आपटली.

"न... न..."

रोजाबाय हातात डाव घेऊन चुलीपासून धावत आली. चाचा अजून आढ्याकडेच बघत होता. "बरोबर ना? मगे मी माजां सुरू करतंय."

"नाय," इनास म्हणाला.

शिडी माझ्या हातातून सुटली. कोणी तिकडे बघितलंही नाही. इनासच्या कपाळावरची शीर फुगली होती. ओठ एका बाजूला ओढत तो शब्द शोधत होता, आणि आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"रंग... नाय. क... कोंब."

रोजाबाय उंबऱ्यावरच बसली आणि रडू लागली. चाचा पुढे वाकला. "म्हंजे मी चुकलंय?"

"चुकलंस," इनास म्हणाला, आणि अर्ध्या तोंडाने हसला.

त्यानंतर कासमचाचा जो सुटला, तो मी जन्मभर विसरणार नाही. सत्तरी उलटलेला माणूस भर रस्त्याने पळत दुकानात गेला, गुळात घोळवलेला खाजा घेतला आणि सगळ्या गावाला वाटत सुटला. "इनासान माका खोटो पाडलो," हे तो मासळी निवडणाऱ्या बायकांना सांगत होता, होड्यांवरच्या पर्यटकांना सांगत होता, पाद्र्याच्या दारात उभा राहून सांगत होता. पाद्री धावतच इनासकडे गेला. मशिदीपाशी मौलानांनी विचारलं, "हरून खाजा वाटतोस होय रे?"

"माजी बाजू तशीच आसा, मौलाना. रंग तो रंगच," चाचा म्हणाला. "पण आज इनासची पाळी. घेवा, तोंड गोड करा."

निवडणुकीच्या मिरवणुकाही मी बघितल्यात, पण एवढा आनंद कुठल्या जिंकलेल्या माणसाच्या तोंडावर बघितलेला नाही. मला स्वतःला तीन वेळा खाजा मिळाला, आणि तिन्ही वेळा त्याने ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन टेकला. कागदात खाज्याचे दोन तुकडे उरले होते. मी काही विचारायच्या आधीच त्याने सुरुवात केली.

"तू इचारतलंस, चाळीस वर्सां पाठ असलेली बाजू कासम आजच कसो चुकलो. तुका वाटता मुद्दाम चुकलो. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो. "आता तुजी बाजू सांग."

चाचाने खाज्याचा एक तुकडा मला दिला. दुसरा स्वतःच्या हातात धरून बसला.

"घरवाली गेल्यापासून घरात मी एकटोच," तो म्हणाला. "झील परदेशात. फोनवर काय बोललंय की म्हणता, बरोबर बाबा, बरोबर बाबा. तेकाय घाई असता. माका 'चुकलंस' म्हणणारो एकच माणूस होतो रे. पाच म्हयने तोय गप."

तेवढ्यात त्याच्या पत्र्यावर नारळ धाडकन आदळला. दोघंही दचकलो.

"चाचा, उद्या माड तोडून घेतंय," मी म्हणालो. "तुजां बरोबर होतां."

कासमचाचाने माझ्याकडे रागाने बघितलं.

"आता तूय 'बरोबर' म्हणाक लागू नको," तो म्हणाला, आणि खाज्याचा तो तुकडा इनाससाठी कागदात बांधू लागला.