जादा शब्दांचे वैरी निकम तात्या

निकम तात्या सोमवारी गेले. शाळा दुपारी सुटली. हेडमास्तरांनी फलकावर इंग्रजीत सूचना लावली : स्टाफ विल डिस्कस अबाउट कंडोलन्स मीटिंग ॲट फोर. त्यातला 'अबाउट' जादा होता. चार वाजले तरी तो तसाच राहिला, तेव्हा तात्या गेल्याचं आम्हाला खरं वाटलं.

तासगावच्या शाळेत तात्या इंग्रजी शिकवत, मी इतिहास. इंग्रजी वाक्यात गरज नसताना घुसलेला बारका शब्द त्यांना खपत नसे. तांबड्या पेन्सिलीचं टोक त्याच्यावर टेकवून ते विचारत, "ह्याचं हितं काय काम हाय?" कुणी 'डिस्कस अबाउट' लिहिलं की म्हणत, "डिस्कसच्या पोटातच 'विषयी' हाय रं! जेवून उठल्यावर परत ताट मांडतोस व्हय?"

बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याने दारावर खडूने लिहिलं होतं, एंटर इन्टू शॉप विदाउट चप्पल. तात्यांनी ओल्या रुमालाने 'इन्टू' पुसला. व्यापारी धावत आला.

"आवं मास्तर, मग गिऱ्हाईक आत कसं येणार?"

"एंटरनं येतंय की. इन्टू दारात बसून काय करतोय?"

हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्यावर तात्यांनी खिशातली इंग्रजी पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. 'अवर डॉटर मॅरीज विथ'मधला 'विथ' खोडलेला होता. हेडमास्तरांचा चेहरा उतरला.

"काय चुकलं का?"

"पोरगा चांगला हाय. 'विथ' तेवढा नको होता."

घरी तात्या एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि एकुलता मुलगा दिनकर सैन्यात. त्याने पत्रं इंग्रजीतच लिहायची, असा तात्यांचा हुकूम होता. पहिलं पत्र आलं : आय रीच्ड टू कॅम्प सेफली. तात्यांनी 'टू' खोडला आणि तेच पत्र पाकिटात घालून दिनकरला परत पाठवलं.

"सोबत काय लिहिलंत?" मी विचारलं.

"काय लिहायचं? 'टू' काढला की."

अशी तीन पत्रं परत गेली. चौथं आलं नाही. वर्ष उलटलं.

आमच्या आळीतल्या अनुसयाबाईंचा मुलगा दिनकरच्याच पलटणीत होता. त्यांना वाचता येत नसे, म्हणून रविवारी त्या मुलाचं पत्र घेऊन तात्यांकडे येत. पत्र मराठीत असे. तात्या ते त्यांना दोनदा वाचून दाखवत आणि तिसऱ्यांदा मनात वाचत. एका रविवारी मीही तिथे होतो.

"संपलं न्हाई व्हय मास्तर?"

"संपलं."

"दिनूचं काय लिवलंय का त्यात?"

"न्हाई."

"आवं, मग तुमीच लिवा की त्येला! बाप हाय न्हवं?"

त्या गेल्यावर तात्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. "तू लिही. माझा हात खोडत बसतो." मग त्यांनी सांगितलं, मी लिहीत गेलो. "दिनू, बरा हाईस का? पत्र धाड. कसंबी लिही. मी पेन्सिल लावणार न्हाई." वर अजून काही घालायचं का, असं मी विचारलं. त्यांनी कागद वाचून माझ्याकडे परत दिला. "न्हाई," म्हणाले.

पत्र मी दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं. त्याच्या पुढच्या सोमवारी तात्या गेले. दिनकरला तार केली होती.

दिनकर गुरुवारी आला. दाराला कुलूप पाहून ट्रंक घेऊन माझ्याकडे आला.

"तार मिळाली?" मी विचारलं.

"कसली तार? पत्रावर दुसऱ्याचं अक्षर बघितलं. म्हटलं, तात्यांचा हात चालंना झालाय. लगेच रजा टाकली. सांगलीला नेलंय का त्यांना, दवाखान्यात?"

सांगायला मीच होतो. मी सांगितलं.

तात्यांचं घर आता बंद असतं. दिनकर मला महिन्याला एक पत्र लिहितो. मी उत्तर लिहितो.