सीताफळाची परीक्षा

आमच्या मरोदा वस्तीत कोणाचं नोकरीच्या ट्रेनिंगसाठी सिलेक्शन झालं, की पेढे वाटण्याआधी त्याला डोमाजीकाकांकडे जाऊन सीताफळ खावं लागतं.

काका म्हणजे आमचे शेजारी, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले क्रेन ऑपरेटर. मार्कशीट ते हातातही घेत नाहीत. "डोक्सं सगळ्याइलेच असते. दम दाखव," म्हणतात आणि पिकलं सीताफळ पुढे करतात. एकेक बी चोखून साफ बाहेर काढणारा पास. अर्धं टाकून हात धुणारा ट्रेनिंग सोडून घरी येणार. एका इंजिनिअर पोरानं तर चमचा मागितला. काका त्याच्या आईला म्हणाले, "वहिनी, याचा बिस्तरा बांधूच नका. वापसच येते हा."

भाकीत चुकलं, तर सीताफळ कच्चं होतं. भरती उन्हाळ्यात निघाली, तर भरती काढणाऱ्यांनाच अक्कल नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ट्रेनिंग नसलं, तरी मलाही सुटका नव्हती. बी.एस्सी. मी नंतर झाले, काकांकडे पास आधी.

मग काकांच्याच लेकीचं, रंजूचं रेल्वेत सिलेक्शन झालं. असिस्टंट लोको पायलट! ट्रेनिंग कडक, गाव लांबचं. काकू गेल्यापासून घरात हे बापलेक दोघंच. परीक्षेला अख्खी गल्ली अंगणात जमली. रंजूनं दोन घास खाल्ले, तोंड वाकडं केलं आणि उठली.

"कोन थुकत बसते, बाबा! मी गाडी चालवाले चालली, फळ खाले नाई."

सगळे काकांकडे बघू लागले.

"काका, रिझल्ट सांगा ना," मी म्हटलं.

"कच्चं होतं," काका म्हणाले.

लोण्यासारखं पिकलेलं होतं. उरलेलं मीच खाल्लं.

निघायच्या सकाळी पावर हाउस रेल्वे स्टेशनला जायला ऑटो दारात उभा राहिला. रंजू बॅगा चढवत होती. काका दिसेनात म्हणून मी मागच्या अंगणात गेले. काका स्टुलावर बसलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात कोपरापर्यंत चिकट. बाजूला काळ्या बियांचा ढीग. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात पांढराशुभ्र गर.

"काका, बिया तुम्ही काढून राहिले?"

"मंग? रंजू थोडीच काढते. उपाशी जाईन गाडीत."

"आन् दम?"

"तो पाहतीन तिथचे साहेब. माह्यं काम नाई थे."

मी डब्यात डोकावले. एकही बी नव्हती.

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. काकांनी मान वर केली नाही. गरात बोट फिरवत राहिले.

"थांब म्हना त्याले जरासा. एखांदी बी राहिली असन."