मी असलो तरी दार उघडू नकोस

शंकासुराचं खरं नाव काय, ते त्याच्या ऑफिसात आता कुणालाच आठवत नाही. पगाराच्या पावतीवर असेल कुठेतरी. विमा कंपनीत दावे तपासायची नोकरी. म्हणजे कुणाचं दुकान जळलं, कुणाची गाडी ठोकली गेली, कुणाकडे चोरी झाली, की हा तिथे जाऊन बघणार की खरंच जळलं का, खरंच ठोकली का, आणि चोरी झाली असेल तर चोर घरातलाच कसा नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्यांवर संशय घ्यायचा पगार मिळाला की हाताला सवय लागते हो! मग माणूस घरी येऊन तेच काम फुकटात करायला लागतो.

तर एके दिवशी या गृहस्थाच्या दाराची किल्ली कुलपात अर्धी मोडली. तुमच्याआमच्यासारख्याने किल्लीवाल्याला बोलावलं असतं आणि विषय संपवला असता. शंकासुराला प्रश्न पडला, की उरलेली अर्धी किल्ली गेली कुणाकडे? (ती त्याच्याच मुठीत होती. बायकोने मूठ उघडून दाखवली तेव्हा त्याने ती नीट उलटीपालटी करून पाहिली, कुणी बदलली तर नाही ना.)

"बास," तो म्हणाला. "किल्ल्यांचं युग संपलं. आता स्मार्ट लॉक."

दुकानदार बिचारा उत्साही होता. त्याने काचेच्या टेबलावर सगळी कुलपं मांडली.

"हे घ्या साहेब, बोटाच्या ठशावर उघडतं."

"ठसे काय, चहाच्या कपावरूनही उचलतात."

"मग हे. चेहरा ओळखतं."

"माझ्यासारखा दिसणारा दुसरा कुणी आला तर?"

दुकानदाराने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. असा दुसरा कुणी असेल अशी शक्यता त्याला वाटली नसावी, पण गिऱ्हाईकाला तसं म्हणता येत नाही.

"मग फोनवरचं ॲप घ्या. जगात कुठूनही दार उघडा."

"म्हणजे जगातून कुणीही उघडणार!"

"साहेब," दुकानदार हात जोडून म्हणाला, "तुम्ही असं करा, भिंतच बांधून घ्या."

शेवटी एक सापडलं. बाहेरून आकडे दाबायचे, मग मालकाच्या फोनवर 'कोण आलंय, उघडू का?' असं विचारणार, मालकाने हो म्हटलं तरच उघडणार. दोन-दोन कुलपं एकात! शंकासुराचा चेहरा खुलला. बसवायला आलेल्या मेकॅनिकने सांगितलं, की आतून मात्र काही लागत नाही, नुसता खटका फिरवायचा. शंकासुराने मेकॅनिकला स्क्रू काढायच्या आधी त्याचं ओळखपत्र दाखवायला लावलं होतं, त्यामुळे मेकॅनिक फार बोलला नाही.

मग सुरू झाली घरातली शिस्त. मालक एकच, तो स्वतः. आकडे रोज सकाळी बदलणार. बायकोला हवे असतील तर तिने विचारायचे.

"म्हणजे मी माझ्या घरात यायचं तर आधी तुमची परवानगी?" बायको म्हणाली.

"परवानगी नव्हे गं, पडताळणी."

"आमच्या शाळेत पोरांनाही असं करत नाही आम्ही." तिने भाजी चिरायला घेतली, आणि सुरीचा आवाज जरा जास्तच येत राहिला.

कुलपाच्या कंपनीने ओळख पटवायला काही प्रश्न विचारले होते. जन्मतारीख, पहिली शाळा, बायको पहिल्यांदा कुठे भेटली. कंपनीला हे कशाला हवंय? म्हणून शंकासुराने सगळी उत्तरं मुद्दाम खोटी दिली आणि स्वतःवरच खूश झाला. फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो असं त्याचं ठाम मत, त्यामुळे घरात असताना फोन कपाटात, दोन रजयांच्या मध्ये. दाराच्या भिंगातून बाहेरचे लोक उलटं आत बघतात म्हणून भिंगावर चिकटपट्टी.

राहता राहिली आई. ती दिवसभर घरी असते, आणि दारावर थाप पडली की 'आले, आले' म्हणत उघडते. तिला समोर बसवून त्याने पूर्ण शिकवणी घेतली.

"आई, आजकाल कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज काढतात. अगदी माझा आवाज आला, 'आई, मी आहे, दार उघड' असं म्हणाला, तरी उघडायचं नाही. मी असलो तरी उघडू नकोस!"

"तू असलास तरी?"

"मी असलो तरी."

"बरं बाबा," आई म्हणाली. (हे 'बरं बाबा' त्याने नीट ऐकायला हवं होतं. आई असं म्हणते तेव्हा ती शब्दाला जागते.)

आता त्या रविवारी काय होतं ते सांगतो. संध्याकाळी बायकोचा व्हायोलिनचा कार्यक्रम होता. शाळेत ती पोरांना संगीत शिकवायची, पण स्वतः लोकांसमोर बसून वाजवणं लग्नानंतर राहूनच गेलं होतं. आधी मुलगा लहान (तो आता शिकायला बाहेरगावी), मग सासऱ्यांचं आजारपण, मग आपलं तेच ते रोजचं. यंदा सभागृहवाल्यांनी आपणहून बोलावलं. गेले कित्येक दिवस ती पहाटे उठून वाजवत होती, बोटांना घट्टे पडले होते. नवऱ्यासाठी तिने पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती. व्हायोलिनची पेटी दाराशीच टेकवून ठेवलेली, ती साडी नेसून तयार, फक्त निघायचं बाकी. शंकासुर चांगल्या पँटवर बनियनमध्ये होता, शर्टाला इस्त्री फिरवायची होती.

"निघण्याआधी एकदा तपासून घेऊ," तो म्हणाला. "आपण दोघं बाहेर जाऊ, दार ओढून घेऊ. बघू आपोआप लागतं का."

"आत्ता?"

"मिनिटाचं काम. घर सोडून जातोय, आणि आई एकटी."

तिने कपाळाला हात लावला आणि त्याच्यामागोमाग बाहेर आली. त्याने दार ओढलं. टक्! लागलं की. कुलूप उत्तम होतं. तीच तर पंचाईत झाली.

त्याने ऐटीत आकडे दाबले. कुलूप म्हणालं, मालकाच्या फोनवर परवानगी मागितली आहे. मालकाचा फोन दोन रजयांच्या मध्ये. तिचा फोन आत, पर्समध्ये.

"घाबरू नकोस, आई आहे ना!" तो म्हणाला आणि दार ठोठावलं. "आई, अगं मी आहे, दार उघड!"

आत पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली.

"कोण?"

"मी!"

"आवाज तर हुबेहूब माझ्या मुलाचा आहे," आई म्हणाली. "म्हणूनच उघडत नाही."

"आई, मी खरंच मी आहे!"

"तेच म्हणायला शिकवलेलं असतं तुम्हा लोकांना. माझ्या मुलाने सगळं सांगितलंय. हुशार आहे तो."

आयुष्यात आईने त्याला पहिल्यांदा हुशार म्हटलं, आणि तेही अशा वेळी.

आवाज ऐकून समोरचे दातांचे डॉक्टर बाहेर आले. (आपलं वर्तमानपत्र रोज सकाळी हेच आधी वाचतात असा शंकासुराला दाट संशय होता, म्हणून त्याने त्यांच्याशी कधी नीट बोलणं ठेवलं नव्हतं.) डॉक्टरांनी न विचारता आपला फोन पुढे केला. कुलपाच्या कंपनीला फोन लागला, स्पीकरवर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, आपली जन्मतारीख?"

त्याने सांगितली.

"चुकीची आहे सर. पहिली शाळा?"

तीही सांगितली.

"चुकीची. शेवटचा प्रश्न. पत्नी पहिल्यांदा कुठे भेटली?"

आता इथे खोटं काय लिहिलं होतं ते त्याला काही केल्या आठवेना. नाइलाजाने तो खरं बोलला. "तिच्या घरी. तिचं व्हायोलिन चोरीला गेलं होतं, तिने विमा मागितला होता. मी तपासायला गेलो. मला वाटलं, हिला वाजवता तरी येतं की नाही? म्हणून शेजाऱ्यांचं मागून आणून वाजवायला लावलं. तिने वाजवलं. मी तिथल्या तिथे दावा मंजूर केला. पुन्हा असं कधी केलं नाही मी."

डॉक्टर विरघळले. बायकोने मान वळवली.

"चुकीचं आहे सर," मुलगी म्हणाली. "आमच्या नोंदीप्रमाणे आपण संशयित आहात. आम्ही ही बाब मालकांना कळवतो." फोन बंद झाला, आणि आत रजयांमध्ये मालकांना ते कळलं.

"चुकीचं?" बायको म्हणाली. "मग मी कुठे भेटले होते तुम्हाला?"

"अगं, ते मी मुद्दाम खोटं लिहिलं होतं."

"काय लिहिलंत?"

"तेच आठवत नाही ना!"

तिकडे घड्याळ काही थांबलेलं नव्हतं. बायकोने दारावर हात आपटला. "आई, मी आहे हो! माझं व्हायोलिन द्या निदान!"

"सुनेचाही आवाज काढलात का मेल्यांनो?"

आणि मग बायकोचा बांध फुटला. तिला जिना दिसेना, डॉक्टर दिसेनात. "इतकी वर्षं वाट बघितली मी या दिवसाची! आणि या माणसाला आज कुलूप तपासायचंय! दूधवाल्यावर संशय, पोस्टमनवर संशय. परवा मी शिंकले तर म्हणे, खरंच सर्दी आहे का? घरात यायला मी आकडे मागायचे, स्वतःच्या घरात! मला रडू येतंय आणि रडले तर काजळ पसरेल, म्हणून रडताही येत नाहीये!"

खटका फिरला. साखळी लावलेलं दार किलकिलं झालं.

"ही सूनच," आई म्हणाली. "इतकं आतलं चोराला कसं माहीत असणार! ये गं बाळा."

साखळी निघाली, सून आत गेली, आणि तिच्यामागून शंकासुराने पाऊल टाकलं तशी आईची काठी त्याच्या पोटाला टेकली.

"तू थांब. चेहराही हुबेहूब केलाय मेल्याने! काय काय निघालंय कॉम्प्युटरवर."

"अगं, आई!"

सुनेने पेटी उचलली, पर्स घेतली. दारातून बाहेर पडताना तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि ते रागाने नव्हे, एवढं डॉक्टरांच्याही लक्षात आलं.

"सूनबाई, हा तोच आहे का गं?"

तिने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. बनियन, चांगली पँट, एका पायात मोजा. "नक्की नाही सांगता येत आई. तुम्हीच काय ती पडताळणी करून घ्या. मला उशीर होतोय." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "खुर्ची ठेवलीय. शर्ट घालून या." डॉक्टर गाडी काढायला धावलेच होते.

दार बंद झालं. टक्.

शंकासुर पायरीवर बसला. संशय घ्यावा असं आसपास कुणी उरलंच नव्हतं. त्याला ते शेजाऱ्यांचं मागून आणलेलं व्हायोलिन आठवलं, तिची तेव्हाची बोटं आठवली. तिचं वाजवणं सुरू होईल आणि पहिल्या रांगेतली एकच खुर्ची रिकामी दिसेल. त्याला जायचं होतं. मनापासून जायचं होतं.

"आई," तो दाराला कपाळ टेकवून म्हणाला, "हात जोडतो. काय विचारायचं ते विचार, पण मला आत घे."

आईने विचार केला. मग दारापलीकडून सावकाश विचारलं, "बरं, एकच सांग. माझ्या मुलाचा या जगात सगळ्यात जास्त विश्वास कुणावर आहे?"

त्याचे डोळे भरून आले. एवढं खरं तो जन्मात बोलला नव्हता. "तुझ्यावर, आई. तुझ्यावर आणि तिच्यावर. डोळे मिटून विश्वास आहे."

"चोर!" आई म्हणाली. "माझा मुलगा असं मेला तरी बोलायचा नाही." आणि तिने आतून कडीसुद्धा लावून घेतली.