हॅगबेकच्या मुदपाकखान्याची खानेसुमारी

श्री. स्वस्ति. यॉर्कशायर प्रांती, लीड्स शहरापासून दीड तासाचे मजलेवर, डोंगरांचे बेचक्यात हॅगबेक नामे गाव आहे. वस्ती माणसांची चारशे, मेंढरांची बेहिशेब. तेथील प्राथमिक शाळेचे मुदपाकखान्यावर सन दोन हजार चोवीसचे ऑक्टोबरात जो बाका प्रसंग गुदरला, तो अव्वल ते अखेर लिहून ठेवणे अगत्याचे जाहले. न लिहावा, तर पुढील पिढ्यांस गव्हर्नर मंडळाचे मिनिट्स तेवढे हाती लागतील, आणि ते वाचोन या गावी कधी काही घडलेच नाही, ऐसा समज होईल.

शाळेचा आकार ऐसा. वर्ग दोन, मुले अडतीस, बादली एक, ती गळक्या छपराखाली. कारभार नऊ गव्हर्नरांचा, म्हणजे विश्वस्तांचा, पैकी तीन आसने सहा वर्षे रिकामी. कारण पद बिनपगारी, आणि जबाबदारी ऐसी की काहीही बिघडो, जाब यांणी द्यावा. आणि अधिकार ऐसा की छपरास हात लावणे तर कौन्सिल सरकारास अर्ज करावा, आणि कौन्सिल सरकारने लंडनकडे बोट दाखवावे, आणि लंडनने एका फॉर्म्युल्याकडे बोट दाखवावे, आणि त्या फॉर्म्युल्यास हॅगबेक कोठे आहे हे ठाऊक नाही. डोकी मोजावी आणि डोक्यामागे द्रव्य द्यावे, हा त्याचा दंडक. शहरातील शाळेत दोन मुले कमी जाहली तर कोणास पत्ता लागत नाही. हॅगबेकातून एक कुटुंब उठोन गेले की निम्मा शिक्षक जातो.

या मंडळात पालकांतर्फे सौभाग्यवती आसावरीबाई टिपणीस विराजमान होत्या. मूळ वस्ती पुणे, सहकारनगर. पेशा सॉफ्टवेअरमधील चुका धुंडाळणे. लीड्सात घर परवडेना आणि हॅगबेकात खिडकीतून डोंगर दिसे, म्हणोन पती परीक्षितराव आणि कन्या नीना यांसह त्या येथे मुक्कामास आल्या. मग एके दिवशी सायकली ठेवण्यास शेड कधी होणार, एवढे पुसावयास त्या शाळेत गेल्या आणि परतल्या त्या पॅरेंट गव्हर्नर होऊन. निवडणूक रीतसर जाहली. उमेदवार एकच होता.

ऐसियास सप्टेंबरचे अखेरीस कौन्सिल सरकारचा खलिता आला. पाने चार, आणि मथळा 'मील प्रोव्हिजन व्हायबिलिटी ऑप्टिमायझेशन'. त्याचा मतलब उकलावयास हेडमिस्ट्रेस मिस आकरॉइड यांस दोन दिवस लागले. मतलब ऐसा, की ऑक्टोबरचे पहिल्या गुरुवारी मुलुखभर शाळांची खानेसुमारी होते, आणि त्या दिवशी धाकट्या तीन इयत्तांतील जितकी मुले शाळेचे जेवण जेवतील, तितक्यांचेच द्रव्य सरकार देते. हॅगबेकात ऐसी मुले सोळा. पैकी चौदांहून कमी जेवली, तर चूल विझवावी, मुदपाकखान्यास कुलूप ठोकावे, आणि चाळीस मैलांवरील डेपोतून गार सँडविचांच्या पेट्या व्हॅनने याव्या. आणि खानसामीण मिसेस सगडेन, बावीस वर्षे त्या चुलीपुढे उभी राहिलेली, तिचे काय, याविषयी चार पानांत उघड ऐसे एक अक्षर नव्हते.

तेव्हां मंडळाची मसलत बसली. पाच वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीस लावोन, सहा गव्हर्नर बसले. अध्यक्ष मिस्टर थ्वेट, गुरांचे निवृत्त डॉक्टर, वय त्र्याहत्तर, यांणी कामकाज सुरू केले. मग कौन्सिल सरकारास जे उत्तर धाडावयाचे, त्यांत 'खेद' लिहावा की 'चिंता', यावर पाऊण तास खल जाहला, आणि अखेर 'काहीशी चिंता' यावर तह जाहला. आसावरीबाईंस हे सोसेना. त्यांणी पुसले, की आज रोजी जेवतात किती?

"अकरा," मिस आकरॉइड म्हणाल्या.

"म्हणजे फक्त तीन कमी आहेत! जे जेवत नाहीत ते पाच कोण? मी जाते त्यांच्या घरी, बोलते."

मग मिस आकरॉइड यांणी यादी वाचली. शेतावरचे जुळे भाऊ दोघे. एक मुलगा, ज्याची आजी शाळेसमोरच राहते. गावातील हॅरिएट मॅडमांची कन्या फ्लॉरेन्स. येथे त्या थांबल्या, आणि चष्मा पुसोन, अत्यंत अदबीने पाचवे नाव उच्चारत्या जाहल्या. नाव नीना टिपणीस.

इंग्रज मंडळी ऐसे समयी बिस्किटांकडे पाहतात, तैसे सर्वांनी पाहिले. आसावरीबाईंचे मुखकमल कानशिलांपर्यंत तांबडे जाहले. आणि मोहिमेची सरदारी सर्वानुमते त्यांसच बहाल जाहली.

मग सोमवारपासून मोहीम सुरू जाहली. प्रथम मिसेस सगडेन यांणी आपला दारूगोळा जाहीर केला. गुरुवारचा नेमका बेत उकडलेला बटाटा आणि वाटाणे. तो रद्द करोन फिश फिंगर आणि बटाट्याचे गरम तळलेले चिप्स व्हावे, ऐसे ठरले. पोषणाचे तक्त्यात बसावे म्हणोन प्रत्येक ताटात तीन गाजरकाड्या, त्या कोणी न खाव्या हे गृहीत. हे ऐकोन शेतावरचे जुळे भाऊ बिनशर्त शरण आले. आजी समोरच राहणारा मात्र हलेना, कारण त्याची आजीही फिश फिंगरच करीत असे आणि वर आइस्क्रीम देत असे. हॅरिएट मॅडमांस आसावरीबाईंनी खलित्याची नक्कल ईमेलने धाडली. जबाब आला, की आम्ही घरचेच अन्न देतो, ऑप्टिमायझेशनात आम्हांस रस नाही, क्षमस्व. एकूण तेरा जाहले. आता सारी मदार नीनावर आली.

नीनाबाई सरकार, वय वर्षे पाच, स्वयंपाकघरातील उंच स्टुलावर दरबार भरवोन, पाय हलवीत बसल्या होत्या. मंगळवार, संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. आसावरीबाई वाटाघाटीस सन्मुख जाहल्या.

"नीना, गुरुवारी दुपारी स्कूल डिनर घेशील? फिश फिंगर आहेत."

"नको. माझी डबा पाहिजे."

"माझा डबा. अगं, पण डबा रोजच असतो. एकच दिवस."

"नो, थँक यू."

परीक्षितराव लॅपटॉपमागून म्हणाले, "लाच दे ना सरळ. नवीन स्कूटर."

"परीक्षित, मी गव्हर्नर आहे! काँफ्लिक्ट ऑफ इंटरेस्टचा फॉर्म भरलाय मी."

मग स्कूटरही देऊ केली. तीही नामंजूर जाहली. तेव्हां आसावरीबाईंस कळोन चुकले की हे प्रकरण भुकेचे नव्हे. दिवसभर त्या दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमांतील चूक कोठे आहे ते शोधीत, आणि आपल्या घरची चूक त्यांणी आजवर धुंडाळली नव्हती. त्या खाली फरशीवर बसल्या आणि हळूच बोलल्या, "का नको, ते सांगशील? मी रागावणार नाही."

नीनाने बराच विचार केला. मग म्हणाली, "डिनर असेल तर रेड टेबलवर बसायचा. फ्लॉरेन्स ब्लू टेबलवर असते. रेड टेबलवर माझा कोणीच नाही."

वर्षभर आसावरीबाई सकाळी सहास उठोन धिरडी घालीत होत्या आणि मुलीस आपल्या हातचे आवडते म्हणोन मनांतून सुखावत होत्या. त्यांणी तत्काळ मिस आकरॉइड यांस फोन लाविला, की टेबलांची ही फाळणी कोणी केली? मिस आकरॉइड म्हणाल्या, की आपणच. लंचटाइम पॉलिसी, पान अकरा, कलम चार: डबेवाली मुले वेगळी बसवावी. गेल्या वर्षी मंजूर.

आसावरीबाईंनी दप्तर काढोन पाहिले. खरेच होते. त्यांची पहिलीच सभा, दस्तऐवज चाळीस पानी, त्या बॅगेत पेन शोधीत होत्या, आणि सर्वांचे हात वर गेलेले पाहोन त्यांणीही हात वर केला होता. पान अकरा त्यांणी वाचिले नव्हते. कोणीच वाचिले नव्हते. कलम चार कोणाचे डोक्यातून निघाले, हे आजतागायत कोणास सांगता येत नाही.

आता पॉलिसी फिरविणे तर सभा पाहिजे, आणि सभेस सात दिवसांची नोटीस पाहिजे, आणि खानेसुमारी तर परवाचे दिवशी. मात्र तातडीचे समयी अध्यक्षांस एकट्याने हुकूम काढिता येतो. सबब बुधवारी दुपारी, ऑफिसात दातांच्या डॉक्टरकडे जाते ऐसी थाप मारोन, आसावरीबाई तालुक्याचे गावी मेंढ्यांच्या लिलावात दाखल जाहल्या. तेथे चिखल, कोलाहल आणि ट्वीडच्या टोप्यांचा समुद्र. मिस्टर थ्वेट रिंगणाचे पलीकडे दिसले. हाक पोहोचेना. हात वर करावा, तर लिलावात हात वर केल्याने मेंढा गळ्यात पडतो, आणि आसावरीबाईंस हात वर करण्याची धास्तीच बसली होती. म्हणोन दोन्ही हात खिशांत घालोन, कोपरांनी वाट काढीत, त्या रिंगणास वळसा घालोन पोहोचल्या.

मिस्टर थ्वेट यांणी सर्व ऐकिले आणि म्हणाले, "पाच वर्षांच्या मैत्रिणींना वेगळं बसवायचं? आणि हे आपण मंजूर केलं?"

"हो. मीसुद्धा."

मग कागद एका मेंढ्याचे पाठीवर ठेवोन दस्तखत जाहले. मेंढ्याने शांतपणे सोसले. कौन्सिल सरकारचे दरबारी इतक्या त्वरेने कागद निघाल्याचा दाखला नाही.

गुरुवार उजाडला. ऑक्टोबरची तीन तारीख. मिसेस सगडेन यांणी पांढरा शुभ्र एप्रन चढविला. तांबडे आणि निळे टेबल एकास एक जोडिले गेले, आणि नीना डब्याविना शाळेस आली. आसावरीबाई मदतीचे निमित्ताने वाढण्याचे खिडकीमागे उभ्या राहिल्या. आणि बारास दहा कमी असता फोन वाजला, की शेतावरच्या जुळ्यांपैकी एकास उलट्या होत आहेत, तो शाळेस आलाच नाही. चौदांचे तेरा जाहले.

मिस आकरॉइड यादी पुन्हा मोजू लागल्या. मिसेस सगडेन यांणी चिप्स हलविणे थांबविले नाही. फक्त म्हणाल्या, की गरम आहेत तोवर वाढावे, पुढचे पुढे. हे ऐकोन आसावरीबाई अंगणात धावल्या आणि हॅरिएट मॅडमांस फोन करित्या जाहल्या. आणि खलिता, कलम, ऑप्टिमायझेशन सर्व विसरोन एकच वाक्य बोलल्या, की आज फ्लॉरेन्स शाळेत जेवली नाही, तर मिसेस सगडेन यांची नोकरी जाईल.

पलीकडून हॅरिएट मॅडम ओरडल्या, "काय? डॉरीन सगडेन? माझ्या लहान बहिणीला बीन्स आवडत नव्हत्या, तर तिच्या ताटात कधी बीन्स वाढल्या नाहीत तिने! मग हे त्या ईमेलमध्ये का नव्हतं?"

"होतं," आसावरीबाई म्हणाल्या, "पान तीन. 'स्टाफिंग एफिशियन्सी' म्हणून."

"द्या तिला वाढून. डबा मी संध्याकाळी खाईन. आणि तुम्ही लोक जरा माणसांसारखं लिहा हो!"

हा ठोसा कौन्सिल सरकारास होता, पण बसला आसावरीबाईंस. कारण ईमेल त्यांणीच जशीचे तशी पुढे ढकलिली होती. त्यांणी तो निमूट घेतला आणि धावत आत गेल्या.

मग बारा वाजून पाच मिनिटांनी नीनाबाई सरकार आणि फ्लॉरेन्सबाई सरकार हातात हात घालोन ताटे घेऊन निघाल्या आणि जोडलेल्या टेबलापाशी शेजारी बसल्या. नीनाने फिश फिंगर चार, चिप्स मुबलक आणि, सर्व तज्ज्ञांचे अंदाज धुळीस मिळवोन, गाजराची एक काडी भक्षण केली. मिस आकरॉइड यांणी बोटाने मोजिले, मग पेनाने मोजिले, आणि तक्त्यात चौदा हा आकडा भरला. मिसेस सगडेन खिडकीत पाठमोऱ्या होऊन कढई घाशीत राहिल्या. कढई स्वच्छच होती.

पुढे कौन्सिल सरकारचे बुलेटिन निघाले. त्यात हॅगबेकची तारीफ होती, की आमचे ऑप्टिमायझेशनचे दूरदर्शी धोरणामुळे तेथील जेवणाऱ्यांत सत्तावीस टक्के वृद्धी जाहली, सबब मुदपाकखान्यास वर्षभर अभय दिले आहे. आणि सोबत दुसरा खलिता, की छपराचा अर्ज चुकीचे फॉर्मवर आला.

नीना आता सोमवार ते शुक्रवार शाळेतच जेवते. पहिल्या सोमवारी आसावरीबाई सवयीने सहास उठल्या, रिकाम्या ओट्यापुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मग एकट्या आपल्यापुरते एक धिरडे घालोन ते उभ्यानेच खात्या जाहल्या. चांगले जाहले होते.

नोव्हेंबरात मंडळाची सभा भरली. चहा संपला, तेव्हां आसावरीबाई कपबश्या घेऊन मुदपाकखान्यात गेल्या आणि मिसेस सगडेन यांसह विसळीत गप्पांत रमल्या. तेवढ्या अवकाशात सभागृहात जे घडले, ते दप्तरी नमूद आहे ते येणेप्रमाणे. कलम सहा: खानेसुमारीची फत्ते जाहली, नोंद घेतली. कलम सात: मिस्टर थ्वेट वयोमानाने अध्यक्षपद सोडतात, त्यांचे जागी आसावरीबाई टिपणीस यांची चार वर्षांकरिता नेमणूक. विरोध, काही नाही. गैरहजर, आसावरीबाई टिपणीस, भांडी विसळणेकामी. ठराव मंजूर.