आकाशमार्गे कल्याण

ठाण्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या अण्णांना कोणी "कल्याण किती लांब?" असं विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याच्या मागे जाऊन त्याची पाठ निरखून पाहत. "पंख दिसत नाहीत. मग आगगाडीनेच जा, आणि उशीर झाला तर माझ्याकडे रडत येऊ नका."

अण्णांच्या परसात कबुतरांची ढाबळ होती आणि त्यात सरदार नावाचं लाडकं पाखरू. एकुलती एक लेक मथू कल्याणला दिलेली. तिकडे जाणारा कोणीही दिसला, की अण्णा सरदारची टोपली त्याच्या गळ्यात मारत. कल्याणहून ठाण्याची गाडी शिट्टी देऊन निघाली, की मथूने पाखरू सोडायचं. इकडे अण्णा पानाचा डबा घेऊन तयार. सरदार उतरला की विडा तोंडात, तो गाडी येईपर्यंत चघळायचा. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. "दोन विड्यांनी हरली!" असं ते रस्त्यात उभे राहून ओरडत. स्टेशनातून येणारे उतारू बिचारे आपणच हरल्यासारखे मान खाली घालून जात.

कचेरीच्या कामाला मी वरचेवर कल्याणला जाई, त्यामुळे टोपली बहुतेक माझ्याच मांडीवर. डब्यातले लोक "अंडी आहेत का?" विचारून जीव खात. एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, एवढं आहे तर तुम्हीच जा की लेकीकडे!"

"त्या म्हातारीत बसून? मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालते रे ती! सरदार कसा सरळ येतो."

पुढे मथूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण अण्णांच्या घरात बाईमाणूस नव्हतं. मथूची आई मथूच्याच वेळी गेलेली. म्हणून सासरीच करायचं ठरलं. मी सरदारला पोचवून आलो. सुखरूप सुटका झाली की त्याला सोडा, असं मथूच्या सासूला सांगून ठेवलं होतं.

कळा लागल्याचा निरोप सकाळच्या गाडीने आला. अण्णा ढाबळीपाशी जाऊन उभे राहिले ते हललेच नाहीत. गाड्या आल्या, गेल्या. हातातला विडा सुकत चालला.

"वारा उलटा आहे," ते म्हणाले.

वारा मुळी नव्हताच. एरवी मी सोडलं नसतं, पण त्या दिवशी थट्टा सुचेना. काळोख पडला की कबुतर उडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ऊन कौलांवरून उतरता उतरता सरदार आला. अण्णांनी त्याला छातीशी धरलं आणि मटकन खाली बसले. गाडीचं नावसुद्धा काढलं नाही.

बारशाला मात्र ते स्वतः निघाले. मी स्टेशनापर्यंत सोबत गेलो.

"लग्नानंतर एकदाच गेलेलो रे," वाटेत ते म्हणाले. "पोरीने सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी बापाने प्यायचं नाही ना? मी हात मागे घेतला. तिचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा माझा पाय उचलला नाही."

इतके दिवस मी त्यांना कबुतरवेडा समजत होतो.

दुसऱ्या दिवशी परतले, तेव्हा मी फाटकातच गाठलं. "काय अण्णा, आगगाडीने कल्याण किती विडे?"

"विडा?" अण्णांनी पोटावरून हात फिरवला. "त्याला जागा कुठे होती रे? मथू तांब्यावर तांब्या आणत होती, मी नुसतं पाणी पीत होतो."