आधी पाणी की आधी आग?

हनुमंतराव मामांच्या दुकानात भांडं विकत घ्यायचं तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागायची.

प्रश्न एकच. "आधी पाणी की आधी आग?" गिऱ्हाईक "पाणी" म्हणालं की मामा भांडं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून हातात द्यायचे. "आग" म्हणालं, किंवा नुसतंच बावचळून बघत राहिलं, तर भांडं परत फळीवर. वर सल्ला, "आईला विचारून ये." समोरची बाई साठीची असली तरी सल्ल्यात बदल नसे.

दुकान जॉर्ज टाउनमधल्या एका चिंचोळ्या गल्लीत होतं, आणि तिथे फक्त ईयचोंबू मिळायचे. ईयचोंबू म्हणजे कथलाचा गोलमटोल तांब्या. तमिळ घरांत त्यात रसम करतात आणि त्या रसमाला दुसऱ्या कुठल्या भांड्याची सर येत नाही म्हणतात. पण कथील पडलं हळवं. आत पाणी असलं तर आगीवर खुशाल बसेल, रिकामं ठेवलं तर डोळ्यांदेखत वितळून शेगडीवर चांदीसारखं थारोळं. म्हणून ती परीक्षा, असं मामा सांगायचे आणि मलाही ते पटलं होतं.

मी मूळची नाशिकची. त्याच शहरातल्या टी. नगरमध्ये वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली आणि मामांच्या घरातला वरचा मजला भाड्याने मिळाला. घरोघरी इंटरनेट नुकतं पोचत होतं तेव्हाची ही गोष्ट. मामा तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी कित्येक पिढ्या कावेरीचं पाणी प्यालेलं, चालही तमिळच. 'अस्की' म्हणजे सगळं, 'हिंगे' म्हणजे इथे आणि 'होंदे' म्हणजे बरं, असू दे. एवढं पाठ केलं की मामा कळू लागायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला "नीताबाई" म्हणून हाक मारली. मी सव्वीस वर्षांची होते. आरशापुढे जाऊन केस तपासले.

दुकानाची एक वेबसाइट आधीपासून होती. बंगलोरच्या भाच्याने हौसेनं करून दिलेली. एकच पान, त्यावर मामांचा फोटो, दुकानाचा पत्ता आणि खाली किती जण येऊन गेले ते मोजणारे आकडे. मामा रोज सकाळी कॉफी झाली की ते आकडे बघायचे आणि खिन्न व्हायचे.

"काल अकरा जण येऊन गेले, नीताबाई. कोणी 'या' म्हटलं नाही, 'बसा' म्हटलं नाही. आल्या पावली गेले. घराण्याची काय इज्जत राहिली?"

"मामा, ते बघायला येतात. तुम्हाला विकायचं असेल तर साइटवर दुकान जोडावं लागेल."

"होंदे. जोडा."

जोडा म्हणणं सोपं होतं. मी कार्यालयात डझनभर दुकानं जोडली होती, साड्यांची, औषधांची, क्रिकेटच्या बॅटींची. दोन आठवड्यांचं काम. मामांच्या दुकानाला पाच महिने लागले.

पहिली अडचण ढकलगाडीची. माल निवडला की तो गाडीत पडतो, तसं चित्र असतं. मामांनी ते बघून चष्मा काढला.

"ही वंडी कसाला?"

"गाडी आहे, मामा. घेतलेलं सामान त्यात ठेवायचं."

"गाडीत? ईयचोंबू? हिंगे तिंगे आदळून चेपेल ना!"

शेवटी मी गाडी काढली आणि तिथे हळदीच्या रंगाची कापडी पिशवी काढून दिली, इथल्या लग्नांत नारळ-विडा घालून देतात तशी. मामांनी पिशवीचे बंद लांब करायला लावले.

मग वजनाची भानगड. प्रत्येक चोंबू हातानं केलेला, त्यामुळे वजन आणि पोटाचा घेर वेगळा. मी म्हटलं, एकच फोटो टाकू, लहान, मध्यम आणि मोठा असे तीन प्रकार करू. मामा दुखावले. "तुमच्या घरी तीन लेकरं असली तर एकाच नावानं हाक मारता का?" एकेका चोंबूचा वेगळा फोटो निघाला. एकाच्या फोटोखाली त्यांनी मला लिहायला लावलं, "मान जराशी डावीकडे. स्वभावानं चांगला."

आणि परीक्षा? ती साइटवरही हवीच. मी पैसे भरायच्या पानाआधी प्रश्न टाकला. उत्तर चुकलं की पुढचं पान उघडायचं नाही आणि इंग्रजीत अक्षरं यायची, 'आईला विचारून परत या.' माझ्या साहेबांनी ते पाहिलं आणि विचारलं, हे गृहस्थ दुकान उघडतायत की बंद करतायत?

पहिल्या महिन्यात सतरा जण पिशवीपर्यंत आले. चौदा नापास झाले. मामा म्हणाले, "बघा, किती चोंबू वाचले!"

मग साइटवरून एक पत्र आलं. नेहा नावाची मुलगी, माहेर नागपूरचं, नवरा कुंभकोणचा, राहायला अमेरिकेत. तिनं मराठीत पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, म्हणून मामांनी मला वाचायला बोलावलं.

'तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. आईला विचारून उपयोग नाही, आमच्याकडे हे भांडंच नसतं. सासूबाईंना विचारावं तर त्यांना कळेल की मला येत नाही. पुढच्या महिन्यात त्या पहिल्यांदाच येताहेत. मला भीती वाटते.'

मामांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळ्यात जाड बुडाचा चोंबू त्यांनी स्वतः कापसात बांधला आणि परीक्षा न घेता पाठवला. सोबत चिठ्ठी: पोचला की आमच्या घरी फोन कर, त्याआधी शेगडीला हात लावू नको.

तिचा फोन एका रविवारी सकाळी आला. मी खालीच होते. मामा रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले आणि मी त्यांचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. दुकानात वसावसा ओरडणारा माणूस, इतक्या हळू बोलत होता.

"आधी चिंचेचं पाणी घाल. गळ्यापर्यंत. घातलंस? हात फिरवून बघ, बाहेरून कोरडा आहे ना? आता आग. बारीक. भिऊ नको, मी हिंगेच आहे... फेस येतोय? येऊ दे. उकळू देऊ नको. फेस वर आला की बंद कर... केलास? शाबास. आणि पोरी, वितळला असता तरी काही बिघडत नव्हतं. कथील परत ओतता येतं. दुसरा पाठवला असता."

पलीकडून ती रडत होती की हसत होती, कळलं नाही. मामांनी फोन ठेवला.

स्वयंपाकघराच्या दारात मामी उभ्या होत्या. मामी कमी बोलायच्या. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "मला असं कोणी सांगितलं नव्हतं."

मामा खाली बघू लागले.

मामींनी मलाच सांगितलं, काल घडल्यासारखं. लग्न होऊन आठवा दिवस. त्या सोळा वर्षांच्या. सासऱ्यांनी कौतुकानं दिलेला चोंबू त्यांनी रिकामाच चुलीवर ठेवला. तो गेला. आणि हनुमंतराव, चोंबूवाल्यांचा मुलगा, पंगतीला बसलेल्या अस्की पाहुण्यांसमोर मामींना काय काय बोलले. "त्या दिवसापासून मी ईयचोंबूला हात लावला नाही. बेचाळीस वर्षं रसम स्टीलच्या पातेल्यात करते. ह्यांनी कधी विचारलं नाही, का म्हणून."

"विचारायला तोंड होतं का मला?" मामा म्हणाले.

मी जिन्याकडे सरकले, पण मधे मामा आले. कोपऱ्यात पाठवणीसाठी बांधून ठेवलेले खोके होते. त्यातला एक त्यांनी सोडला, चोंबू काढला, नळाखाली गळ्यापर्यंत भरला. बाहेरून धोतराच्या सोग्यानं पुसला. स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर ठेवला आणि बाजूला झाले.

"पेटव," ते म्हणाले.

मामी जागच्या हलल्या नाहीत. चोंबूकडे बघत राहिल्या, मग मामांकडे.

"तुम्ही पेटवा," त्या म्हणाल्या. "मी चिंच भिजवते."